सासवण्याची म्हैस आणि पोळ्याचे बैल

आपण शेतकरी माणसे घराबाहेर पडतो ती ठरावीक कामांना. बाजार, लग्नकार्य, कोर्टकचेरी, दवाखाना आणि वर्षाकाठी एखादी देवाची वारी. निव्वळ काही बघण्यासाठी म्हणून गाडीभाडे खर्च करायचे, हे आपल्या हिशेबात बसत नाही. त्यातून कोणी ‘पुतळ्यांचे संग्रहालय बघायला चला’ म्हटले, तर आपण हसून विचारू, ‘पुतळे बघून पोटाला काय मिळणार?’ मीसुद्धा अनेक वर्षे त्याच विचाराचा होतो. तो विचार कसा बदलला, ते आज सांगणार आहे. त्यात माझ्या एका चुकीचीही गोष्ट आहे. तीही सांगतो, कारण ती चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रोज होत असते.

झाले असे. आमच्या तालुक्यातील शेतकऱ्यांची अभ्याससहल घेऊन मी अलिबागला गेलो होतो. सहलीचा मुख्य हेतू पांढरा कांदा पाहण्याचा. भातकापणी झाल्यावर त्या जमिनीत घेतला जाणारा हा कांदा चवीला गोडसर असतो. त्याच्या पाती विणून माळा करतात आणि माळेवरच विकतात. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. प्लॉट पाहून झाले, प्रश्नोत्तरे झाली, जेवणे झाली. परतीच्या गाडीला अजून तीन-चार तास होते. तेव्हा तिथला एक कांदा उत्पादक म्हणाला, “एवढे लांबून आलात, तर सासवण्याचे करमरकरांचे शिल्पालय बघून जा. आमच्याच गावाकडच्या माणसाचे आहे.”

आमच्यातले दोघे-चौघे कुरकुरले. पण बायकांनी उचल खाल्ली. “समुद्र बघितला, कांदा बघितला, आता हेही बघू,” म्हणाल्या. बस निघाली.

अंगणातली म्हैस

सासवणे हे अलिबाग तालुक्यातले, मांडवा बंदराच्या अलीकडचे समुद्रकाठचे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे. अशाच एका वाडीतले घर म्हणजे हे शिल्पालय. मोठ्या शहरातल्या संग्रहालयासारखा इथे डामडौल नाही. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, ज्यांना लोक नानासाहेब म्हणत, त्यांचे हे राहते घर. त्यांच्या पश्चात घरच्या मंडळींनी त्यांची शिल्पे इथे जपून ठेवली आणि लोकांना बघायला खुली केली. एकाच माणसाच्या हातची कामे एका छपराखाली बघायला मिळतात, हे या जागेचे वैशिष्ट्य.

आमची मंडळी पहिल्यांदा थबकली ती आवारातल्या म्हशीपाशी. ती म्हैस सिमेंटची आहे. पण आमच्यातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याने लांबूनच विचारले, “ही कुणाची? किती दूध देते?” सगळे हसले. जवळ गेल्यावर मात्र हसू थांबले आणि मंडळी म्हशीभोवती अशी फिरू लागली, जशी ती बाजारात फिरतात.

मी स्वतः कितीतरी पशुप्रदर्शनांत परीक्षक म्हणून उभा राहिलो आहे. जनावर पारखताना आपण काय बघतो? पाठीची रेघ, कमरेची हाडे, खुब्यांमधले अंतर, बरगड्यांची ठेवण, मानेखाली लोंबणारे कातडे. माझे डोळे सवयीने त्याच जागा शोधू लागले आणि प्रत्येक जागा जिथल्या तिथे होती. हाडावर कातडे जिथे ताणते तिथे ताणलेले, जिथे सैल पडते तिथे सैल. मला तेव्हाच कळले, की हा माणूस गोठ्यात बसलेला आहे. जनावराकडे तासन्‌तास बघितल्याशिवाय हे येत नाही.

घरात गेल्यावर ‘शंखध्वनी’ हे त्यांचे गाजलेले शिल्प बघितले. शंख फुंकणारी स्त्री. तिच्याबरोबर कोळी बायका, गावची साधी माणसे, मोठ्या लोकांचे अर्धपुतळे, असे कितीतरी. आमच्यातली एक वयस्कर बाई एका कोळणीच्या शिल्पापुढे बराच वेळ उभी होती. मी विचारले, “काय बघता, मावशी?” त्या म्हणाल्या, “हिला ओझ्याची सवय हाय, साहेब. मान बघा की.” कलेच्या पुस्तकात याहून चांगले वाक्य लिहिलेले मला आठवत नाही.

देवळाच्या भिंतीवरचे चित्र

आता या माणसाची हकिकत ऐका. करमरकरांचा जन्म १८९१ साली याच सासवण्यात झाला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली आले. घरात गणपतीच्या मूर्ती करण्याची आवड होती. आपल्याकडे सुताराचा पोर रंध्याच्या भुशात खेळतो, तसा हा पोर शाडूत खेळला. हातात कोळसा-रंग मिळाला की भिंती रंगवायचा.

गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ऑटो रॉथफिल्ड नावाचा इंग्रज कलेक्टर फिरतीवर सासवण्याला आला असता त्याच्या नजरेस ते पडले. त्याने विचारले, हे कोणी काढले? मुलाला पुढे आणले गेले. विचार करा, त्या काळी कलेक्टर म्हणजे केवढे प्रस्थ! पण त्या अधिकाऱ्याने भिंत खराब केली म्हणून दटावले नाही. मुलाच्या हातात काय आहे हे ओळखले आणि त्याची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्याची व्यवस्था केली.

ही संस्था १८५७ साली सुरू झालेली. तिथूनच गणपतराव म्हात्रे पुढे आले होते. विद्यार्थी असताना १८९६ साली त्यांनी केलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे देवळाला निघालेल्या मराठी तरुणीचे शिल्प फार गाजले होते. म्हणजे मराठी माणूस मूर्तिकलेत नाव काढू शकतो हा दाखला समोर होता. करमरकर तिथे चमकले. पुढे काही वर्षे त्यांनी कलकत्त्याला काम केले. १९२० च्या सुमारास इंग्लंडला जाऊन लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण घेतले. तिकडून परतल्यावर त्यांच्या हातून जे सर्वांत मोठे काम झाले, ते तुमच्यापैकी अनेकांनी नकळत बघितले असेल.

पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने या स्मारकाची कोनशिला १९२१ साली इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते बसली. पुतळ्याचे अनावरण झाले १९२८ साली. तो पुतळा करमरकरांचा. देवळाच्या भिंतीवर महाराज काढणाऱ्या पोराने पुढे महाराज धातूत उभे केले! मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. ते महाविद्यालयही शिवाजीनगरलाच आहे. त्या पुतळ्यापुढून मी शेकडो वेळा सायकल हाणली असेल, पण कर्ता कोण हे विचारायची बुद्धी एकदाही झाली नाही.

भारत सरकारने करमरकरांना पद्मश्री दिली. १९६७ साली ते वारले. मुंबई, कलकत्ता, लंडन बघितलेल्या या माणसाने आपल्या कामाची पुंजी ठेवली ती मात्र आपल्या गावात. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुतळा घडतो कसा?

आमच्या मंडळींनी तिथे एक प्रश्न वारंवार विचारला, “हे एवढे बनवतात कसे?” तुम्हालाही तो पडला असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. यातली बरीचशी सामग्री आपल्या ओळखीचीच आहे.

पहिले काम मातीचे. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतात, वेलाला मांडव करावा तसा. त्यावर ओली माती थापून आकार देतात. माती बारीक कणांची, चिकट लागते. पण चिकट मातीचा दोष आपल्याला ठाऊकच आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात-हात भेगाळते ती का? बारीक कणांची माती पाणी धरून फुगते आणि वाळताना आक्रसते. मातीचा पुतळाही तसाच तडकेल, म्हणून काम चालू असेपर्यंत त्याला ओली फडकी गुंडाळून ठेवावी लागतात. रोपवाटिकेइतकीच राखण.

दुसरे काम साच्याचे. त्यासाठी लागते प्लास्टर ऑफ पॅरिस. हे काय असते? आपण चोपण जमीन सुधारण्यासाठी जे जिप्सम टाकतो, त्याचेच हे भावंड. जिप्समच्या खड्यात पाणी बांधलेले असते. सुमारे दीडशे अंश सेल्सिअस उष्णता देऊन त्यातले तीनचतुर्थांश पाणी घालवले की जी पूड उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी कालवले की ती गेलेले पाणी परत घेते, काही मिनिटांत गरम होऊन घट्ट बसते आणि बसताना किंचित फुगते. त्यामुळे मातीवरची बारीकशी सुरकुतीही साच्यात उतरते. मातीच्या पुतळ्यावर हा थर देऊन तो भागाभागाने सोडवला की आत उलटा आकार मिळतो. त्यात पुन्हा प्लास्टर किंवा सिमेंट भरले की शिल्प तयार. करमरकरांनी सिमेंटमध्ये बरीच कामे केली. बंगल्याला आणि विहिरीला लागणारे सिमेंट, पण जाणत्या हातात पडले की त्याची म्हैस होते.

ब्राँझचा पुतळा करायचा तर आणखी एक पायरी असते. ब्राँझ म्हणजे तांब्यात थोडे कथील मिसळून केलेली धातू. साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर देतात, पोकळीत मातीचा गाभा भरतात आणि बाहेरून भट्टीत टिकेल असे आवरण करतात. भट्टीत तापवले की मेण वितळून निघून जाते आणि त्याची रिकामी जागा उरते. तिथे वितळलेली धातू ओततात. धातूला जायला आणि हवेला बाहेर पडायला वाटा ठेवाव्या लागतात. हवा कोंडली तर पुतळ्यात पोकळी राहते. बस्तरचे ढोकरा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने मूर्ती ओततात. मोठा पुतळा आतून पोकळ असतो तो यामुळे. आणि घोड्यावरचा पुतळा सर्वांत अवघड का? कारण घोडा आणि स्वार मिळून सगळा भार घोड्याच्या बारीक पायांवर येतो. तो तोलून धरायचा आणि तरी घोडा हलका, चालता दिसला पाहिजे.

माझी चूक

म्हशीपाशी उभा असताना मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मन खट्टू झाले.

नोकरी लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. मराठवाड्यात एका गावी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. ज्या शेतकऱ्याकडे उतरलो, त्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा ओट्यावर बसून पोळ्यासाठी मातीचे बैल करत होता. ओढ्याकाठची माती आणलेली. बैल तर सगळीच पोरे करतात. पण या पोराच्या जोडीतला एक बैल दमून उभा होता. एका मागच्या पायावर भार टाकून, दुसरा पाय जरा सैल सोडून. दिवसभर औत ओढलेला बैल असाच उभा राहतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मला ते दिसले. दिसले नाही असे म्हणणार नाही.

त्याचा बाप मला म्हणाला, “साहेब, ह्याचं काय करावं सांगा. पुस्तक हातात धरत नाही. सारा दिस मातीत.” मी तेव्हा तरुण होतो. माझा शब्द गावात चालतो याची ऐट होती. मी म्हणालो, “असले नाद पोट भरत नाहीत. मातीतून हात काढा त्याचा आणि अभ्यासाला बसवा.” बापाने ते मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ती बैलजोडी उकिरड्यावर पडलेली होती.

तो मुलगा वाया गेला असे नाही बरे. दहावी झाला, शेती बघू लागला. आज त्याच्याकडे ठिबक आहे, मोसंबीची बाग आहे, ट्रॅक्टर आहे. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी मेळाव्यात त्याने मला ओळखले, पाया पडला. मी विचारले, “अजून बैल करतोस का रे?” तो हसला. “कुठलं, साहेब. तुम्हीच सांगितलं होतं ना. आणि आता दारात खरं बैलच नाहीत.” तो सहज बोलला. त्याच्या मनात राग नव्हता. पण मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

सासवण्याला मला दोन अधिकारी आठवत राहिले. एक परका, ज्याला आपली भाषाही परकी. त्याने देवळाच्या भिंतीवर मुलाची रेघ ओळखली आणि थांबून चौकशी केली. दुसरा आपल्यातलाच, शेतकऱ्यांच्या पोरांचे भले करण्यासाठी पगार घेणारा. त्याने दमलेला बैल ओळखला आणि तो उकिरड्यावर जाईल असा सल्ला दिला. तो मुलगा करमरकर झाला असता, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण बी उगवते की नाही हे पेरल्याशिवाय कळत नाही, हे जन्मभर सांगत फिरणाऱ्या माणसाने ते बी पेरूच दिले नाही, एवढे मात्र खरे.

सहलीहून परतल्यावर मी त्याला फोन केला. म्हशीचे सांगितले. माझी त्या दिवशी चूक झाली, हेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, माझी धाकटी पोरगी लई चित्रं काढती. भिंत सोडत नाही. परवाच तिला रागावलो.” मी म्हणालो, “रागावू नकोस. मी येतो बघायला.”

आपण काय करावे?

विस्तार अधिकाऱ्याला सल्ला दिल्याशिवाय लेख संपवता येत नाही, म्हणून शेवटी चार गोष्टी.

एक, मुलाच्या किंवा मुलीच्या हातात कला दिसली तर तिला ‘नाद’ म्हणून हिणवू नका. अभ्यास सोडायला सांगू नका, पण मातीही हिसकावू नका. दोन्ही चालू शकतात. आंतरपीक घेतल्याने मुख्य पीक बुडत नाही, नियोजन नीट असले तर.

दोन, शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा असतात. त्या राज्याच्या कला संचालनालयामार्फत होतात. त्यांना मुलांना जरूर बसवा. नियमाप्रमाणे दहावीला वाढीव गुणही मिळतात आणि पुढे कलाशिक्षणाकडे जायचे झाले तर त्यांचा उपयोग होतो. शाळेच्या कलाशिक्षकांना भेटा. पालकसभेत आपण गणिताच्या गुरुजींना गाठतो, चित्रकलेच्या गुरुजींना कोणी विचारत नाही.

तीन, पोळ्याचे बैल, नागपंचमीचे नाग, गौरी-गणपती, दिवाळीचे किल्ले ही आपल्या मुलांची मूर्तिकलेची पहिली शाळा आहे. बाजारातून आयते आणण्याची घाई करू नका. निदान एक जोडी घरी होऊ द्या. आणि चांगली साधली तर ती उकिरड्यावर टाकू नका, देवळीत ठेवा.

चार, अलिबागकडे गेलात तर सासवण्याला अवश्य जा. रस्त्याने पेण-वडखळवरून अलिबाग आणि तिथून रेवस-मांडव्याच्या दिशेने जाता येते. मुंबईहून गेटवेच्या लाँचने मांडव्याला उतरता येते, पण पावसाळ्यात या लाँच बंद असतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. शिल्पालय उघडे असल्याची चौकशी आधी करावी. मुलांना बरोबर न्यावे. शिल्पांना हात लावू देऊ नये, पण भोवती हवे तेवढे फिरू द्यावे. पुतळा चित्रासारखा एका जागेवरून बघायचा नसतो, बाजारातल्या जनावरासारखा चहूबाजूंनी बघायचा असतो. आणि ते तर आपल्याला कोणी शिकवायला नको.

घरी येऊन मुले मातीत हात घालतील. घालू द्या. त्यांनी केलेला बैल बघा आणि नुसते ‘छान’ म्हणू नका. त्याचा कोणता पाय दमला आहे, ते विचारा.